बांगडे का मरतायत

प्रिय दादा,

हे पत्र ऑफिसात उघडू नकोस. घरी ने आणि निवांत वाच. वाचून झालं की लगेच फोन लावू नकोस. फोन बाबांच्या खुर्चीशेजारीच असतो आणि हल्ली कोण कोणाशी काय बोलतंय याकडे त्यांचे कान टवकारलेले असतात. माझेही असतात म्हणा. यंदाच्या हंगामात या घरात सगळेच एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघतायत, आणि त्यातली सगळ्यात तिरकी नजर माझी. तेव्हा आधीच सांगून ठेवते, या पत्रात तुझ्याबद्दलही बरंवाईट आहे. चिडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग चीड.

गोष्ट बांगड्यांची आहे. तू बोटीवर होतास तेव्हा आपण गळाला पिसं आणि चकाकणारे पत्रे बांधून मागे ओढत न्यायचो, आणि एखादी सुरमई वेडी निघाली तर लागायची. आता पैसे मोजून गळ टाकायला येणारी हौशी मंडळी पत्र्याला भुलत नाहीत. त्यांना जिवंत आमिष हवं असतं. म्हणून बाबांनी बोटीच्या मागच्या बाजूला एक गोल टाकी बसवून घेतली. गोल अशासाठी, की चौकोनी टाकीत मासे कोपऱ्यात अडकतात आणि नाक आपटून आपटून लाल करून घेतात. खालून पंपाने समुद्राचं पाणी वर येतं, टाकीत गोल फिरतं आणि वरच्या तोंडाने परत समुद्रात जातं. पाणी थांबलं की खेळ संपला. कॉलेजातली माझी नोकरी गेल्यापासून ही टाकी माझ्याकडे आहे. बाबा मला गिऱ्हाइकांसमोर "आमच्या बांगड्यांची दाई" म्हणतात. पहिल्यांदा राग आला होता, मग आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू.

दाईचं काम तसं सोपं नाही. मासा कोरड्या हाताने धरायचा नाही, त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा निघाला की तो गेलाच म्हणून समज. हाताला तेल, क्रीम, साबण काही नको. मऊ जाळीने उचलायचा, तोही एकेकटा. हाव धरून टाकीत जास्त कोंबायचे नाहीत. एखादा मेला तर तो लगेच काढायचा, नाहीतर बाकीचे त्याच्या वाटेने निघतात. गळ नाकातून ओवायचा, म्हणजे दोरीने ओढला तरी तो पुढे तोंड करून पोहतो. आणि बोट इतकी हळू चालवायची की इंजिन चालू आहे की बंद अशी शंका यावी. वेगाने नेलं तर पाण्याचा लोट तोंडात शिरून मासा पाण्यातच बुडून मरतो. नीट सांभाळलेला बांगडा मात्र गळाला लावल्यावरही थरथरत, घाबरत पोहत राहतो, आणि त्याची ती घाबरगुंडीच मोठ्या माशाला बोलावते. मला हे सुरुवातीला क्रूर वाटायचं. अजूनही वाटतं. पण सांभाळायचंच तर नीट सांभाळावं, या मताची मी आहे.

तर यंदा हे बांगडे मरायला लागले. सगळ्या फेऱ्यांना नाही, पण बहुतेक. धक्क्यावरून निघताना टाकीत एका दिशेने गोल फिरणारा थवा असायचा, डोळ्यात भरेल असा. बाहेरच्या खडकापर्यंत पोचेतो निम्मे वर तोंड काढून आ वासायचे. तिथून पुढे, जिथे खरे मोठे मासे असतात, तिथे आम्ही मेलेलं आमिष ओढत फिरायचो. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून उतरायचं. बाबा चाकावरूनच मोठ्याने म्हणायचे, "आमिषात दम नाही." एकदा तर एका वकीलबाईंना म्हणाले, "आमची मास्तरीण पुस्तक वाचून मासे सांभाळते, त्याला काय करणार?" सगळे हसले. मीही हसले. मग पाठ फिरवून टाकीचं झाकण पुसत बसले, स्वच्छ होतं तरी.

माझा पहिला संशय अर्थातच माझ्यावर. तुला माझा स्वभाव माहीत आहे, शेजाऱ्याची दुधाची पिशवी फाटली तरी मला वाटतं मीच जोरात दार लावलं असेल. मी मासे कमी केले. झाकणावर ओलं गोणपाट टाकलं. हात इतके धुतले की कातडी सोलली, मग वाटलं धुण्याचा साबणच उरत असेल, म्हणून नुसत्या समुद्राच्या पाण्याने धुवायला लागले. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेली बाई मी, पाण्यात हे असेल, ते असेल, नळीच्या तांब्याने विष होत असेल, असा सगळा विचार करून पाहिला. नळ्याही बदलून घेतल्या. एक फेरी बरी जायची, की पुढच्या फेरीत पुन्हा तेच.

मग संशय गेला आमिषवाल्या मावशीवर. धक्क्याच्या टोकाला तिचे पिंजरे पाण्यात तरंगत असतात, सगळ्या बोटी तिच्याकडूनच घेतात. मला वाटलं, नुकते पकडलेले, दमलेले मासे ती आमच्या गळ्यात मारते. मी जरा घुटमळत विचारलं. ती मोजता मोजता थांबलीच नाही. म्हणाली, "माझ्या माशाला नावं ठेवू नको गं. शेजारच्या बोटीला विचार, याच पिंजऱ्यातले नेले त्याने, संध्याकाळी उरलेले परत आणून सोडले, धडधाकट. तू आपल्या टाकीला विचार." शेजारच्या बोटीला मी खरंच विचारलं. मावशी खरं बोलत होती, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. मावशी दोषी निघाली असती तर किती सोयीचं झालं असतं.

राहिला लुकड्या. त्याचं पोट आता सुटलंय, पण नाव तेच राहिलंय. इतकी वर्षं बाबांच्या हाताखाली काढली, आपल्या ताटात जेवला, त्याच्यावर संशय घेताना माझी मलाच शरम वाटली. पण बघ ना. पंपाच्या पाण्याचा कॉक खाली केबिनमध्ये, इंजिनाच्या फळीखाली असतो, आणि तिथे सगळ्यात जास्त वावर लुकड्याचा. मी खाली गेले की तो काहीतरी निमित्त काढून मागोमाग यायचा. "ताई, तुम्ही वर बसा, इथे डिझेलचा वास आहे." इतकी काळजी त्याला आधी कधी नव्हती. एकदा मला कॉक अर्धा फिरलेला सापडला. मी विचारलं तर म्हणाला, "हादऱ्याने फिरत असेल." तो कॉक मला दोन्ही हातांनी फिरवावा लागतो, दादा.

त्यातच ती दोरीची गोष्ट घडली. अर्धमेला बांगडा ओढत चाललो होतो, कोणालाच आशा नव्हती, आणि अचानक रीळ असं किंचाळलं की गिऱ्हाईक उठताना अडखळून पडलं. मोठा मासा होता. रॉडची कमान झाली. सगळे एकदम ओरडायला लागले, आणि तेवढ्यात दोरी सैल. लुकड्या कपाळावर हात मारून म्हणाला, "सुटला!" दोरी गुंडाळताना तिचं टोक माझ्या हातात आलं. ताणाने तुटलेली दोरी केसासारखी पिंजते, टोकाला बारीक वळते. हे टोक कापलेलं होतं, सरळ, सुरीने. मी लुकड्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

आणि आता तुझी पाळी. धक्क्यावर लुकड्या फोन बाकावर ठेवून दोर बांधायला गेला होता, आणि फोन वाजला. त्यावर तुझं नाव होतं. मी उचलला नाही, पण बघत राहिले, वाजायचा थांबेपर्यंत. तू आणि लुकड्या? मागच्या वेळी येऊन तू बाबांना म्हणालास, बोट विका आणि माझ्याकडे राहायला या, आणि बाबांनी तुला जेवणाच्या ताटावरून उठवलं, तेव्हापासून ते तुझा फोन घेत नाहीत. तू शपथ घेतलीस की पुन्हा हा विषय काढणार नाही. मला वाटलं, विषय काढायची गरजच उरली नाही, दादाने दुसरा रस्ता काढला. आमिष मरतं, गिऱ्हाईक तुटतं, बोट आपोआप बसते आणि म्हातारा नाइलाजाने येतो. झोपेतून उठताना मला हे इतकं स्वच्छ दिसायचं, आणि चहा घेईपर्यंत इतकं हलकट वाटायचं, की स्वतःच्याच डोक्याची किळस यायची. तरी मी ते सोडलं नाही. मी ठरवलं, डोळ्यांनी बघायचं.

पुढच्या फेरीला मी बोट लागल्याचं सोंग केलं. खालच्या फळीवर आडवी झाले, तोंडावर ओला टॉवेल घेतला, बाजूने एक फट ठेवली. वर गिऱ्हाइकांच्या गप्पा चालल्या होत्या, कोणाच्या तरी मेव्हण्याचं लग्न मोडल्याच्या. ऊन पायऱ्यांवरून खाली येत होतं. खडक जवळ आल्याचं मला लाटांवरून कळलं. मग इंजिनाचा आवाज उतरला आणि पायऱ्यांवर पावलं वाजली. मी श्वास रोखून लुकड्याच्या पायांची वाट बघत होते.

ते बाबा होते. वर लुकड्याच्या हातात चाक देऊन आले होते. बाबांनी दुसऱ्याच्या हातात चाक दिलेलं तू कधी पाहिलंयस? त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी झोपले आहे असं ठरवलं. गुडघा टेकून फळी उचलली आणि कॉक फिरवला. पूर्ण बंद नाही, थोडा. आजाऱ्याच्या खोलीतला दिवा बारीक करावा तसा. मग लगेच उठले नाहीत. पाण्याच्या नळीवर पंजा ठेवून तसेच बसून राहिले, आतली धार कमी होतेय का ते बघत असावेत. चेहरा मला दिसत नव्हता. नुसती मान दिसत होती, आणि ती मान मला फार म्हातारी वाटली. वर गेल्यावर थोड्याच वेळात त्यांचा आवाज आला, ठणठणीत, "आमिषात दम नाही हो आज!"

मी तिथेच पडून राहिले, टॉवेल तोंडावरून काढलाच नाही. पहिलं काय वाटलं सांगू? राग. मास्तरीण म्हणून सगळ्यांसमोर माझं हसं करणारा माणूस माझेच मासे गुदमरवत होता. बाकी सगळं नंतर सुचलं.

धक्क्यावर उतरल्यावर मी लुकड्याला गाठलं, मावशीच्या पिंजऱ्यांमागे. म्हटलं, "मी पाहिलंय. आता तू बोल." तो आधी उगाच दोर सोडत-बांधत राहिला, मग रडायलाच लागला, एवढा मोठा बाप्या. हंगामाच्या सुरुवातीला मी तापाने घरी होते त्या फेरीची गोष्ट. मोठा मासा लागला आणि सरळ बोटीखाली शिरला. दोरी पंख्यात जाऊ नये म्हणून लुकड्या मागच्या कठड्यावरून अर्धा बाहेर लोंबकळला आणि ओरडला, "मालक, न्यूट्रल!" बाबांनी रिव्हर्स टाकला. बोट मागे आली, लुकड्या पाण्यात घसरला, पाय पंख्याकडे. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या दातांच्या डॉक्टरने त्याची पँट धरून ठेवली म्हणून तो आज दोन पायांवर उभा आहे. पँट निम्मी उतरली, त्यावर सगळी बोट हसली. बाबाही हसले. मग मंडळी उतरून गेल्यावर लुकड्याला म्हणाले, "माझा हात कुठल्या दांड्यावर आहे तेच मला कळेना रे. क्षणभर सगळं कोरं." आणि मग, "घरी बोलायचं नाही."

त्यानंतर मासे मरायला लागले. लुकड्याने कॉक दोनदा उघडला, दोनदा तो परत फिरलेला सापडला, तेव्हा त्याला उमजलं. मला म्हणाला, "मालकांनी बंद केला म्हणजे काहीतरी विचार करूनच केला असणार ना, ताई? मोठा मासा लागलाच नाही तर भानगडच नको." आणि दोरी? ती त्यानेच कापली. रीळ किंचाळलं तेव्हा सगळे माशाकडे बघत होते, तो एकटा बाबांकडे बघत होता. "मालकांचं तोंड पांढरं पडलं होतं, ताई. मी काय करू?" तुझ्या फोनचंही त्याने सांगितलं. तू विचारत होतास, बाबा वेळेवर जेवतात का, खोकला गेला का. मला कळलं तर मी बाबांना सांगेन आणि ते त्याच्यावर चिडतील, म्हणून तू त्याला गप्प राहायला लावलंस. दादा, मी तुझ्याबद्दल इतका विचार केला, पण हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

मी अजून स्वतःला विचारते, मी हे जुळवून तर घेत नाही ना? कॉक फिरवायला दुसरं काही कारण असेल? पंपावर ताण येत असेल? पण पंप नवा आहे, आणि ताण येत असता तर बाबांनी चारचौघांत मला पाच वेळा ऐकवलं असतं. म्हणून मी एकदा सरळ मार्गाने जाऊन पाहिलं. चहाच्या वेळी, अगदी सहज म्हटलं, "बाबा, यंदा थोडं थांबूया का? पुढच्या वर्षी बघू." त्यांनी कप खाली ठेवला. "का? तुला मासे सांभाळता येत नाहीत म्हणून मी बोट बांधून ठेवू?" आणि माझ्याकडे असे बघत राहिले, की मी आणखी एक शब्द बोलले असते तर त्यांना सगळं कळलं असतं, म्हणजे मला कळलंय हे. मी म्हटलं, "बरं, बघते मी टाकीचं." त्यांनी कप पुन्हा उचलला. आणि सुटल्यासारखे दिसले, दादा, शाळेत मार चुकवलेल्या मुलासारखे.

आता माझी भीती ऐक. मेलेल्या आमिषालाही मोठा मासा लागतो. त्या दिवशी लागलाच. रोज लुकड्या सुरी घेऊन मागे उभा राहील, आणि रोज कोणीतरी डॉक्टर त्याची पँट धरेल, याची हमी कोण देणार? पुढच्या आठवड्यात एक बाप-लेकीची जोडी येणार आहे. मुलीला पोहता येत नाही, फोनवर बापाने हसत सांगितलं. मी हो म्हणाले, कारण नाही म्हणायला माझ्याकडे सांगता येईल असं कारणच नव्हतं. बाबांना बोट सोडायची आहे, हे मी पैजेवर सांगते. पण "मला भीती वाटते" हे तीन शब्द ते मेले तरी बोलणार नाहीत. माझ्यासमोर नाही, लुकड्यासमोर नाही, आरशासमोरही नाही. कोणीतरी त्यांच्या हातातून चाक ओढून घ्यावं आणि त्यांना जन्मभर त्याच्या नावाने ओरडता यावं, एवढीच सोय त्यांना हवी आहे. मी ओढलं तर ते माझ्याच घरात, माझ्याच समोर बसून राहतील, आणि मला काय दिसलं ते रोज माझ्या तोंडावर वाचतील. ते त्यांना सोसणार नाही.

म्हणून हे पत्र. तू ये, पुढच्या आठवड्याच्या आत ये, आणि भांड. बोट तुमच्या दोघांच्या नावावर आहे, दरवर्षी परवान्याच्या कागदावर तुझीही सही लागते. या वर्षी करणार नाही म्हण. मला माझा वाटा हवा आहे म्हण, बायकोला घर बदलायचंय म्हण, वहिनीची आधी माफी माग आणि मग काय वाटेल ते म्हण. पण समजुतीने बोलू नकोस, तब्येतीची चौकशी करू नकोस. जरा मऊ बोललास तर त्यांना लगेच वास येईल. ते तुला कृतघ्न म्हणतील, ताटावरून पुन्हा उठवतील, कदाचित पुढे तुझ्याशी बोलणारही नाहीत, आणि मी तुझ्याकडे काय मागतेय ते मला पुरेपूर कळतंय. मी त्यांच्या बाजूने उभी राहीन. तुला नको नको ते बोलेन, त्यातलं थोडं लागलंच तर लागू दे. मग आम्ही दोघं हरू. आणि भांडणात कधीतरी ते म्हणतीलच, की बोट बुडवली ती या मास्तरणीने, हिला साधे बांगडे जगवता येत नाहीत. तेव्हा माझी बाजू घ्यायला तुझं तोंड उघडेल, मला माहीत आहे. उघडू नकोस. त्यांच्याकडे बघ आणि हो म्हण.

भांडायला निघालेल्या दादाची वाट बघणारी,
तुझीच,
धाकटी